नवीन शिक्षकाला शिकण्यासाठी सरकारी अनुदान मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पालघर जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक, म्हणजे नियमित वेतनश्रेणीपूर्वी तीन वर्षे मानधनावर काम करणारे शिक्षक, म्हणून दुसऱ्या वर्षात आहात. दरमहा १६,००० रुपये मानधन मिळते आणि खोलीचे भाडे व घरी पाठवायची रक्कम गेली की हातात फारसे काही उरत नाही. अशा वेळी पुस्तके, एखादा चांगला अभ्यासक्रम आणि कार्यशाळांचा प्रवास यांसाठी नवीन शिक्षकांना शासनाचे अनुदान आहे का, असल्यास अर्ज कोठे करायचा, आणि नसल्यास १२,००० रुपयांचा एक खासगी ऑनलाइन डिप्लोमा हप्त्यांवर करावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी पंधरा वर्षे प्राथमिक शिक्षक आणि त्यानंतर अकरा वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातील शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक, म्हणून काम केले आहे. या काळात हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला अनेक नवीन शिक्षकांनी विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. ‘नवीन शिक्षकाचा व्यावसायिक विकास’ या नावाने तुमच्या बँक खात्यात जमा होणारे आणि तुम्ही तुमच्या मर्जीने खर्च करू शकाल असे अनुदान आपल्याकडे नाही. याचा अर्थ पैसा नाही असा मात्र नाही. पैसा आहे, पण तो प्रशिक्षणाच्या, शाळेच्या, ग्रंथालयाच्या आणि अध्ययन साहित्याच्या शीर्षाखाली येतो, आणि त्यातला किती भाग तुमच्या शिकण्याला लागतो हे बरेचसे तुम्ही आपली गरज कोणत्या भाषेत आणि कोणापुढे मांडता यावर ठरते. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. ‘मला काय मिळेल’ या शब्दांत विचारणा केली की कार्यालयातून नकार येतो. ‘माझ्या वर्गाला हे लागते आहे आणि त्यासाठी मला हे शिकायचे आहे’ असे लिहून दिले की त्याच कागदाला बऱ्याचदा वाट मिळते.

पूर्वी शिक्षकाच्या हातात थेट येणारी एक छोटी रक्कम होती. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत असत. मी त्यातून आइस्क्रीमच्या काड्या, रबर बँड, मणी आणि जाड पुठ्ठे आणत असे. दहा काड्यांना रबर लावून दशकाचा गठ्ठा करणे आणि वजाबाकीत तोच गठ्ठा मुलाच्या हाताने सोडवणे हे माझे हातचे शिकवण्याचे मुख्य साधन होते, आणि ते करता करता मला स्वतःला स्थानिक किंमत कशी शिकवावी हे उमगले. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा ही योजना आली, तिच्यात ही व्यवस्था बदलली. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या अभियानात शिक्षकासाठीच्या हस्तपुस्तिका व संदर्भ साहित्याकरिता प्रतिशिक्षक १५० रुपये आणि अध्ययन साहित्याकरिता प्रतिविद्यार्थी ५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती बहुधा छापील साहित्याच्या रूपाने शाळेत पोहोचते. वर्षभर मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला १५० रुपये येणे हे मला आजही अपुरे वाटते.

कोणाला काय मिळू शकते हे शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे. संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी समग्र शिक्षेतून मिळणारी रक्कम, शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. शासनाच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात शासकीय शाळांबरोबर अनुदानित शाळांचे शिक्षकही येतात. स्वयंअर्थसहाय्यित शाळेतील शिक्षकाला मात्र मुख्यतः खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर आणि संस्थाचालकांच्या समंजसपणावर विसंबावे लागते. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असल्यामुळे पुढचे बहुतेक मार्ग तुम्हाला खुले आहेत, आणि शिक्षण सेवकाची तीन वर्षे पूर्ण व्हायची आहेत म्हणून तुम्हाला त्यांतून वगळले जात नाही.

पहिला मार्ग म्हणजे प्रशिक्षण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदवली आहे. २०१९ साली सुरू झालेले निष्ठा हे केंद्र शासनाचे शिक्षक प्रशिक्षण, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रशिक्षणे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे म्हणजे डाएटचे वर्ग आणि केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद हे सारे त्या तासांचे घटक आहेत. अनेक शिक्षक प्रशिक्षणाकडे ओझे म्हणून पाहतात, आणि काही प्रशिक्षणे खरोखर कंटाळवाणी असतात हे मी मान्य करतो. तरीही शाळेचा दिवस कर्तव्यकाळ धरून, मानधन न कापता, इतर शिक्षकांबरोबर बसून शिकायला मिळणे हेच तुमच्या वाट्याला येणारे सर्वांत मोठे सरकारी साहाय्य आहे. पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाचा खर्च तुम्ही स्वतः करायचा ठरवला असता तर महिन्याचे किती मानधन त्यात गेले असते याचा हिशेब करून पाहा.

येथे कागदांची काळजी घ्यायला हवी. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी केवळ तोंडी सांगण्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो. लेखी कार्यमुक्ती आदेश घेतला नव्हता आणि परत येताना उपस्थिती प्रमाणपत्रही मागितले नव्हते. प्रवास भत्त्याचे देयक संबंधित कार्यालयाने परत पाठवले आणि ते पाच दिवस माझ्या किरकोळ रजेतून वळते झाले. त्या दिवसापासून मी आदेशाची प्रत, उपस्थिती प्रमाणपत्र आणि एसटीची तिकिटे एकाच पाकिटात ठेवू लागलो. केंद्रप्रमुख झाल्यावर प्रत्येक नवीन शिक्षकाला मी पहिल्याच भेटीत हे सांगत असे. तुम्हीही लेखी आदेशाशिवाय शाळा सोडू नका. द्विशिक्षकी शाळेत तर मुळीच नाही, कारण तुमच्या मागे एकाच शिक्षकावर पाच वर्ग येतात आणि वरिष्ठांनी ते जाणून तुम्हाला सोडलेले असावे लागते.

दुसरा मार्ग शाळेच्या अनुदानांचा आहे, आणि नवीन शिक्षक नेमका याच मार्गाकडे सर्वांत कमी लक्ष देतात. समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये, १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये, असे त्याचे टप्पे आहेत, आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करायची असते. वीज देयक, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, क्रीडा साहित्य यांबरोबर अध्यापन साहित्यही यात बसते. याशिवाय ग्रंथालयासाठी स्वतंत्र तरतूद आहे. प्राथमिक शाळेला ती ५,००० रुपयांपर्यंत असते. रक्कम पूर्ण येईलच आणि वेळेवर येईलच असे धरून चालू नका. अनेकदा ती फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या घाईत ज्याच्याकडे यादी तयार असते त्याची गरज भागते, आणि ज्याच्याकडे नसते त्याच्या शाळेत पुरवठादाराच्या गाडीतला ठरावीक गठ्ठा उतरतो.

एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे, ते सांगतो. धुळे जिल्ह्यात माझ्या केंद्रातील एका शाळेत ३८ मुले आणि दोन शिक्षक होते. नवीन आलेल्या शिक्षिकेच्या तिसरीच्या वर्गात चौदांपैकी नऊ मुले ‘कमळ’, ‘गवत’ असे साधे शब्द वाचत, पण वाक्य आले की थांबत. घरी सगळी अहिराणी बोलणारी. त्या शिक्षिकेने जुन्या कॅलेंडरांची पाने कापून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी सांगितलेले शब्द लिहायला सुरुवात केली. कोणी ‘वावर’ (शेत) सांगितले, कोणी ‘आंडोर’ (मुलगा). प्रत्येक मुलाच्या चिठ्ठ्या त्याच्या स्वतःच्या डबीत असत आणि रोज सकाळी तो त्यांतल्या पाच काढून वाचे. पुढे त्या अहिराणी शब्दांशेजारी प्रमाण मराठी शब्द आले, मग दोन-दोन चिठ्ठ्या जोडून वाक्ये झाली. आता मुलांना वाचायला पुस्तके हवी होती. शाळेतली पुस्तके जाड, बारीक टाइपाची आणि कपाटात कुलूपबंद होती.

मार्चमध्ये ग्रंथालयाचे ५,००० रुपये आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या मनात संदर्भग्रंथांचा संच घेण्याचे होते. या शिक्षिकेकडे जानेवारीपासूनच यादी तयार होती: मोठ्या टाइपाची, चित्रांची, ३५ ते ६० रुपये किमतीची नव्वद पातळ पुस्तके, आणि प्रत्येक पुस्तकासमोर ते कोणत्या वाचनपातळीच्या मुलासाठी आहे याची एक ओळ. तिने ती यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवली. समितीतील पालकांना संदर्भग्रंथाचा आग्रह नव्हता. आपले मूल वाचेल का, एवढेच त्यांना पाहायचे होते. ठराव झाला, पुस्तके आली, वर्गात भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी बांधून ती चिमट्यांनी लावली गेली. कोणते मूल कोणते पुस्तक उचलते, कोठे अडते, परत ठेवते की पुन्हा मागते, याची नोंद ती एका दोनशेपानी वहीत रोज ठेवत असे.

मी हे एवढ्या विस्ताराने सांगतो आहे, कारण ती वही हीच तिच्या व्यावसायिक विकासाची सुरुवात होती. त्या नोंदींवरून डाएटच्या अधिव्याख्यात्यांच्या मार्गदर्शनाखाली तिने कृतिसंशोधन, म्हणजे स्वतःच्याच वर्गातील अडचणीचा अभ्यास, केले. पुढच्या वर्षी तेच काम राज्यस्तरीय नवोपक्रम स्पर्धेसाठी लिहून पाठवले. क्रमांक आला नाही, पण तालुक्याच्या भाषा प्रशिक्षणात तिला सुलभक, म्हणजे इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारी व्यक्ती, म्हणून बोलावले गेले, आणि सुलभकांना आधी जे प्रशिक्षण मिळते ते इतर शिक्षकांच्या प्रशिक्षणापेक्षा सखोल असते. शिक्षकाच्या विकासासाठी म्हणून एक रुपयाही मंजूर न होता शासनाच्या पैशातूनच ती तीन वर्षांत खूप शिकली. तुमच्या शाळेतही हे होऊ शकते. पट ३१ च्या आत असेल तर रक्कम लहान असेल एवढाच फरक पडेल.

तिसरा मार्ग स्वतःच्या खर्चाने शिक्षकांना बोलावणाऱ्या संस्थांचा आहे. १९७९ साली स्थापन झालेले नवी दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत एवं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, देशभरातील शिक्षकांसाठी अभ्यासवर्ग घेते; प्रवास, निवास आणि भोजनाचा भार ते उचलते आणि शाळेसाठी ध्वनिचित्रफिती व चित्रांचा संचही देते. तेथे कठपुतळ्या, लोककला, मातीकाम हे सारे पाठाशी कसे जोडायचे हे हातांनी करून शिकवतात. महाराष्ट्र आणि गोवा शिक्षक प्रशिक्षण देणाऱ्या ज्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतात ती भोपाळला आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पालघर जिल्ह्यातून ते फार दूर नाही, आणि विज्ञान-गणित शिकवणाऱ्याने तेथील शिक्षक कार्यशाळांवर लक्ष ठेवलेच पाहिजे.

या संस्थांकडे बहुतेक वेळा नामनिर्देशनाने जावे लागते, आणि ते कसे होते हे मी आतून पाहिले आहे. पंचायत समितीतून दुपारी पत्र येते की उद्या सकाळपर्यंत दोन शिक्षकांची नावे द्यावीत. केंद्रप्रमुखाला त्या क्षणी जी नावे आठवतात तीच जातात. मीही तसेच केले आहे, आणि त्यामुळे काही होतकरू शिक्षकांची नावे राहून गेली याची मला खंत आहे. म्हणून तुम्ही आजच एक अर्धे पान तयार करा. त्यावर नाव, शाळा, शालार्थ क्रमांक (वेतन प्रणालीतील ओळख क्रमांक), शिकवत असलेले वर्ग, कोणत्या विषयात शिकण्याची इच्छा आहे आणि आतापर्यंत वर्गात काय करून पाहिले, एवढेच असू द्या. त्याची एक प्रत केंद्रप्रमुखांना, एक गटसाधन केंद्रातील विषय साधनव्यक्तींना आणि एक डाएटमध्ये द्या. दर सहा महिन्यांनी ती नवी करून द्या. यात पुढे पुढे करणे काहीच नाही. नावे पाठवणाऱ्याचे काम त्याने सोपे होते.

चौथ्या मार्गाबद्दल थोडक्यातच लिहितो. दीक्षा या शासनाच्या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. स्वयम् या केंद्र शासनाच्या व्यासपीठावरही शिकणे विनामूल्य आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क लागते. मात्र चित्रफीत एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे माहिती भरत बसायचे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, हे कृपया करू नका. वर्षात दोनच अभ्यासक्रम घ्या, पण प्रत्येकातली एक गोष्ट वर्गात करून पाहा आणि काय झाले ते लिहून ठेवा. वाचनासाठी ‘जीवन शिक्षण’ हे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे मासिक शाळेत येत असेल तर जुने अंकही काढा. १८६१ साली ‘मराठी शाळापत्रक’ म्हणून सुरू झालेली ही परंपरा आहे, आणि तिच्यात तुमच्यासारख्या शिक्षकांचे अनुभव छापले जातात.

पदवी वाढवायची असेल तर तिचा विचार वेगळा करावा लागतो. तुमचे डी.एड. झाले असेल आणि बी.एड. करायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा सेवेतील शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम हा नोकरी न सोडता करता येणारा मार्ग आहे. त्याचे शुल्क स्वतःलाच भरावे लागते. प्रवेश घेण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. ती नंतर मागितली तर सेवापुस्तकात नोंद करताना अडचण येते. माझा सल्ला असा आहे की शिक्षण सेवक कालावधीची तीन वर्षे पूर्ण होऊन नियमित वेतनश्रेणी सुरू झाल्यावर ही पदवी हाती घ्यावी. तोपर्यंतचा वेळ वर्ग समजून घेण्यासाठी अधिक मोलाचा आहे, आणि शुल्काचा ताणही तेव्हा कमी असेल.

आतापर्यंतचे एकत्र सांगायचे तर प्रशिक्षणाचे दिवस, शाळेची अनुदाने, बोलावणाऱ्या संस्था आणि विनामूल्य अभ्यासक्रम हे चार मार्ग तुम्हाला आजच खुले आहेत. त्यांपैकी शाळेच्या अनुदानाची यादी आणि ते अर्धे पान या दोन गोष्टी या महिन्यातच करण्यासारख्या आहेत.

पुढच्या वर्षांचाही थोडा विचार आत्ताच करून ठेवा, कारण शिकणे तिसऱ्या वर्षी संपत नाही. नियमित सेवा पुरेशी झाल्यावर अध्ययन रजेचा विचार करता येतो. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी यांसाठी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि तेव्हा जुनी प्रमाणपत्रे शोधताना शिक्षकांची किती धावपळ होते हे मी पाहिले आहे. जपान सरकारची शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्ती पाच वर्षांचा अध्यापन अनुभव असलेल्या आणि पस्तिशीच्या आतील शिक्षकांसाठी आहे. निवड झालेला शिक्षक सुमारे दीड वर्ष तेथील विद्यापीठात शिकतो आणि खर्च ते सरकार करते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने असा अर्ज का करू नये, याचे मला एकही कारण दिसत नाही. त्यासाठी लागणारा अनुभव तुमच्या आजच्या नोंदवहीतूनच जमा होणार आहे.

राहिला १२,००० रुपयांचा डिप्लोमा. तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पाऊण महिन्याच्या मानधनाएवढी ती रक्कम आहे. शासनमान्यता नसलेल्या अशा प्रमाणपत्राचा ना वेतनश्रेणीत उपयोग होतो ना पदोन्नतीत, आणि तुम्ही कळवलेल्या विषयसूचीतील बहुतेक भाग पायाभूत साक्षरतेच्या निष्ठा अभ्यासक्रमात विनामूल्य आहे. त्याच जोडीने एक सावधगिरीही सांगतो: ‘शिक्षक विकास अनुदान मंजूर झाले आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे संदेश नवीन शिक्षकांना येतात. शासनाचे कोणतेही अनुदान द्यायला शिक्षकाकडून आधी पैसे मागितले जात नाहीत. असा संदेश आला तर आधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा आणि बँकेचा तपशील कोणालाही देऊ नका.

तुमच्या शाळेचा नेमका पट किती आहे, गेल्या वर्षी संयुक्त अनुदान किती आले आणि शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे, हे कळवलेत तर ठरावाचा मसुदा कसा लिहायचा ते मी पुढच्या उत्तरात लिहून देईन.